खिळ्याच्या वर कितीबी

उघाडीच्या उजव्या अंगाला सागाचा जुना खांब आहे आणि त्यात एकावर एक सात खिळे ठोकलेले आहेत. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत फळ्या पुन्हा खाचेत टाकायच्या, नाहीतर खारं पाणी भातात. एकदा का खार घुसली की तीन वर्षं ते शेत तोंड वर काढत नाही. चौलच्या अलीकडच्या या गावात हे ज्याला समजावून सांगावं लागतं तो पाहुणा.

फळ्यांचं काम चाळीस वर्षं धर्माजीकडे. खिळेही त्याचेच. उधाणाचं पाणी आधीच्या खिळ्याच्या वर गेलं की तो तिथे नवा ठोकतो. माघात गावकी बांधाला माती घालायला जमली की खांबाकडे काठी करून म्हणतो, "वरल्या खिळ्याच्या वर कितीबी घाला. खाली बोटभर न्हाय चालायचा."

नूतनने हे लहानपणापासून ऐकलं होतं. नुसतं ऐकलं होतं.

नूतन नवी मुंबईच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. घरी बसून काम करायची मुभा मिळाली तशी ती आईकडे, कमळाबाईकडे, गावी आली. त्यांचं शेत उघाडीला लागून, सगळ्यांत खोलगट. पाणी आत आलं तर पहिलं त्यांच्याच ताटात.

यंदा धर्माजीच्या गुडघ्यांनी हात टेकले. गावकीने फळ्यांचं काम रितेशवर टाकलं. रितेश नूतनचा चुलतभाऊ, काशीदच्या पाहुण्यांसाठी टमटम चालवतो. माणूस ताकदीचा, पण भरतीची वेळ तिथीवरून काढावी लागते आणि रितेशला तिथी एकच ठाऊक, गटारीची. म्हणून नूतन म्हणाली, मी ॲप करते. भरती-ओहोटीच्या पुस्तकातल्या वेळा त्यात भरते, फळ्या कधी टाकायच्या ते तुझ्या मोबाईलवर येईल.

"म्हंजे मना चंद्राकडं बगायला नको?" रितेश म्हणाला. "लय झ्याक!"

ॲप तिच्या लॅपटॉपवर बिनचूक चाललं. पण लॅपटॉप कंपनीचा, तो कायम चालू ठेवता येईना. शाळेत एक जुना संगणक होता, बॅटरीवर चालणारा. त्यावर ॲप बसवायचं ठरलं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. वेळेचा हिशेब करायला नूतनने एक आयती लायब्ररी घेतली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेलं काम, आपण बोलावून वापरायचं. ॲपला अशा कोणकोणत्या लायब्ऱ्या लागतात त्याची यादी सोबत द्यावी लागते. नूतनने यादीत नुसतं नाव लिहिलं, किमान कितवी आवृत्ती पाहिजे ते लिहिलं नाही. कंपनीच्या कामात ती हे कधी विसरली नसती. पण हे घरचं काम, आणि गावात वाढलेल्या माणसाची खोड ही की नाव घेतलं म्हणजे झालं. इथे 'मास्तर आले काय?' म्हटलं तर कुठले मास्तर हे कुणी विचारत नाही. 'चावी दे' म्हटलं की ती देवळाचीच.

शाळेतल्या संगणकाने यादी वाचली आणि कळवलं, हे माझ्याकडे आधीपासून आहे. होतंच. आधीच्या मास्तरांनी कधी काळी वेळापत्रकासाठी तीच लायब्ररी घेतलेली. नूतन खूश झाली, वेळ वाचला म्हणून. दुसऱ्या दिवशी आषाढी अवस होती.

सकाळी रितेशच्या मोबाईलवर निरोप आला: भरती सायंकाळी पाच चाळीस, फळ्या साडेचारला टाका. ओहोटीला काढलेल्या फळ्या तशाच ठेवून त्याने टमटम काढली आणि गटारीचं मटण आणायला रेवदंड्याला गेला.

अकराच्या सुमाराला नूतन कंपनीच्या मीटिंगमध्ये होती. कमळाबाई चिखलाच्या पायांनी थेट आत आली.

"गो नूतन, धर्माजी येकटाच फळ्या टाकतोय! पानी आत शिरलाय!"

पडद्यावर सात जणांनी ते ऐकलं. नूतनने लॅपटॉप मिटला आणि धावली.

धर्माजी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. सहातल्या तीन फळ्या त्याने टाकल्या होत्या, चौथी पाण्याच्या जोराने खाचेत बसत नव्हती. नूतन उतरली, खांदा लावला. दोघांनी दाबून ती बसवली, मग पाचवी, मग सहावी. पाणी थांबलं तेव्हा कमळाबाईचे दोनच वाफे भिजले होते. एरवी त्या दुपारी सगळी लावणी गेली असती, पुढच्या चाळीस शेतांसकट.

बांधावर बसून धर्माजीने धोतर पिळलं. "तुज्या मोबाईलनं किती वाजता सांगितलं?"

"पाच चाळीस, आबा."

"आज तिथी कंची? अवस. म्हंजे पंधरा. पंधराची पाऊनपट कर."

"सव्वाअकरा."

"त्यात थोडं मागंपुढं. येवढं तुज्या मशिनीला येत न्हाय?"

नूतन उठली. ती ओल्या कपड्यांनीच शाळेत गेली. पुस्तकात भरती बारा दहाची होती, म्हणजे बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. मग शोधायला फार लागलं नाही. संगणकातली लायब्ररी चार आवृत्त्या मागची होती. ती भरलेली प्रत्येक वेळ लंडनच्या प्रमाणवेळेची समजायची आणि तिच्यात आपले साडेपाच तास मिळवायची. पुढच्या आवृत्तीत हे सुधारलं होतं. नूतनच्या लॅपटॉपवर पुढची होती.

तिने यादीत नावापुढे 'ही किंवा हिच्या पुढची' अशी खूण केली आणि आकडा लिहिला. आकडा लिहिताना तिला खांब आठवला. आपल्या डोळ्यांसमोर हे एवढी वर्षं ठोकलेलं होतं. जुनी आवृत्ती असेल तर ॲप चालूच होऊ नये अशी तजवीज केली. शिवाय पाऊणपटीचा हिशेबही आत घातला: पुस्तकातली वेळ आणि तिथीची वेळ यांत दीड तासाच्या वर फरक पडला, तर निरोप रितेशला जाणार नाही, धर्माजीच्या घरी फोन वाजेल.

रितेश मटण घेऊन आला तो तोंड लपवतच आला. पण गप्प बसेल तर रितेश कसला. "बाय, तुजा ॲप लंडनची भरती दाखवतो काय? तिकडं गटारी कवा असते तेबी विचार."

संध्याकाळी कमळाबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण बांधून दिलं. "जा, पाया पड त्याच्या. आपली लावणी त्या मानसानं राखलीन."

नूतन वाकली तसा धर्माजीने पाय मागे घेतला. "हात नको लावू, गुडघं ठनकतात."

"आबा, तुम्ही नसता तर आमचं शेत गेलं असतं."

"माजीबी दोन गुंठं हायत तितं," तो म्हणाला आणि भाकरी मोडली. मग खाता खाता विचारलं, "गावलं काय, काय चुकलं ते?"

"खिळा मारायचा राहिला होता, आबा. या आकड्याच्या वर कुठलीही चालेल, खाली नाही, एवढं लिहायचं राहिलं."

धर्माजीने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "येवढं शिकायला मुंबईला जेलतीस?" म्हणाला. पण कालवण त्याने दोनदा घेतलं.

पंधरा दिवसांनी नारळी पुनव आली. निरोप वेळेवर आला, रितेशने सहाही फळ्या टाकल्या, आणि धर्माजी कुणी न बोलावता काठी टेकत हजर होताच. पाणी चढत चढत सातव्या खिळ्याला लागलं, त्याच्या दोन बोटं वर गेलं आणि थांबलं. उतरायला लागल्यावर धर्माजीने खिशातून खिळा काढला, पिशवीतून हातोडी काढली आणि दोन्ही नूतनपुढे धरलं.

"माजा हात वर जात न्हाय आता. मार."

चाळीस वर्षांत त्या खांबाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. नूतनने ओलीची खूण बघितली आणि मारला. चौथ्या ठोक्याला खिळा बाजूला झुकला.

"वाकडा जेला," रितेश म्हणाला.

"काढू काय, आबा?"

धर्माजीने डोळे बारीक करून पाण्याची खूण बघितली, मग खिळा बघितला.

"ऱ्हाऊ दे. वाकडा हाय, खाली न्हाय."