न्यायला कुणी आलं नाही

बायको वारल्याच्या शंभराव्या दिवसाचं जेवण उरकलं, शेजारणींनी मोठ्या कढया घासून पालथ्या घातल्या, आणि सीदी युनीरने आपलं बोचकं बांधून अंगणातल्या बाकावर आणून ठेवलं. दोन लुंग्या, थोडे सदरे, नमाजाची टोपी, माकडाची जादा दोरी. सगळ्या संसाराचं एवढंच निघालं. बाकी सगळं रोस्माइनीचं. घर तिचं, भाताची खाचरं तिच्या आईकडून आलेली, परसातली कोंबडीसुद्धा तिची. आता रोस्माइनी नव्हती, म्हणजे ते सगळं लेकीचं, येल्नीचं.

परियामानच्या किनाऱ्याला घर बाईचं असतं. पुरुष तिथे जावई म्हणून येतो आणि बायको गेली की पाहुणा होऊन उरतो. मग त्याच्या बहिणीकडची माणसं येतात, कॉफी पितात, पिकापाण्याचं बोलतात आणि जाताना त्याला सोबत घेऊन जातात. आपणहून उठून जाणं बरं दिसत नाही. सासुरवाडीने हाकलल्यासारखं होतं.

तेव्हा युनीर बाकावर बसला. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी तो पंडेकाला, म्हणजे त्याच्या माकडाला, घेऊन लोकांचे नारळ उतरवायला जायचा, दुपारी परत येऊन बोचक्याशेजारी टेकायचा. येल्नीचा नवरा कामावरून आला की सासऱ्याला बाकावर बघून चपापायचा आणि गुपचूप मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरायचा. एका घराला दोन जावई झाले होते, एक ताजा आणि एक शिळा.

"अपाक, ते बोचकं आत ठेवते," येल्नी म्हणाली. "दवाने भिजतंय."

"राहू दे. येतील आज-उद्या."

"नाही आले तर इथंच राहा की. हल्ली कोण बघतंय रीतभात?"

"तुझा नवरा बघतोय. बिचारा स्वतःच्या घरात चोरासारखा शिरतो."

येल्नी हसली, आणि हसता हसता तिने ओढणीने नाक पुसलं. "माझ्या तोंडून 'जा' निघायचं नाही, एवढं सांगून ठेवते."

हीच तर अडचण होती. कुणाच्याच तोंडून काही निघत नव्हतं.

एतेक इजुसच्या कॉफीच्या टपरीवर मात्र सगळ्यांच्या तोंडून सगळं निघायचं. "काय सीदी, वरात कधी?" डोमिनोच्या सोंगट्या आपटत बाकड्यावरचे गडी विचारायचे. "ढोलवाल्यांना सांगून ठेवू का? पहिल्या खेपेला वाजवलं होतं तेच वाजवायचं, फक्त उलटीकडून!"

पहिल्या खेपेला खरंच ढोल वाजले होते. इथे नवरदेवाला मुलीकडचे येऊन वाजतगाजत घेऊन जातात. तेव्हा युनीर तिशीच्याही आतला होता आणि त्याचं नि त्याच्या दोस्ताचं, बुस्तामीचं, जाकार्ताला जायचं पक्कं ठरलं होतं. इकडचा पोरगा परमुलखात जाऊन आला नाही तर त्याला कच्चाच समजतात. पण बस सुटायच्या आदल्या आठवड्यात रोस्माइनीचे मामा मागणीचं पानाचं तबक घेऊन दारात उभे राहिले आणि युनीरच्या आईने होकाराची मान हलवली. बसच्या पायरीवरून बुस्तामी ओरडला होता, "लग्न उरकून घे! मी पाय रोवतो आणि तुला न्यायला येतो!"

बुस्तामीने पाय रोवले. खानावळ काढली, मग दुसरी काढली. न्यायला आला नाही. ईदेला यायचा, सगळ्यांना मिठी मारायचा, परत जायचा. युनीरने कधी विचारलं नाही, मागून घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दरसाल पीक घरात आलं की रोस्माइनी म्हणायची, "जायचंय तर जा, वाटेचा भात बांधून देते." त्याला तो टोमणा वाटायचा. टपरीवर बसला की त्याचं एक वाक्य ठरलेलं, "त्या वेळी बुस्तामीबरोबर गेलो असतो ना..." ते इतकं पाठ झालं होतं की एतेक इजुस कॉफी ओतता ओतताच म्हणायची, "गेला असतास तर गल्ल्यावर बसला असतास. साखर किती घालू?"

युनीर असा बाकावर बसून असतानाच ईद आली, आणि बुस्तामी आला तो काळ्या गाडीतून. टपरीत बसल्या बसल्या त्याने बूट काढले. पाय सुजलेले. कॉफी बिनसाखरेची मागवली. बाकीचे जुम्म्याच्या नमाजाला उठून गेले. बुस्तामीचे गुडघे सावरेपर्यंत दोघंच मागे राहिले, तेव्हा युनीर म्हणाला, "तू न्यायला येणार होतास."

"कुणाला?"

"मला."

बुस्तामीला आठवायला वेळ लागला. खोटं आठवायला लागतो तसा नव्हे, खरोखरच लागला. "अरे देवा. बसमधून ओरडलो होतो, ते? अरे, तुला ढोल लावून नेलेलं. नवरदेवाला काय खरकटी काढायला बोलावू? कितीतरी वर्षं मी दुसऱ्याच्या खानावळीत ताटं घासली, पोत्यांवर झोपलो. म्हटलं, याला यायचं असेल तर येईल. शेजारची चटई तुझ्यासाठी अडवून ठेवली होती. तुझीच वाट बघितली लेका."

"माझी?"

"मग कुणाची? आणि अजून चल म्हणतोस तर चल. पोरगा धंदा बघतो, माझं कुणी ऐकत नाही. तू गल्ल्याशी बस, तुझंही कुणी ऐकणार नाही. मजेत राहू."

ज्या शब्दांसाठी उभा जन्म कान टवकारून काढला ते असे चुटकीसरशी समोर पडले, आणि युनीरला फक्त झोप आली. गाढ, लहान मुलासारखी. त्याने बुस्तामीचे बूट वाकून त्याच्या पायाशी सरकवले. "नको. गल्ल्यावर मला डुलकी लागेल आणि तुझा पोरगा मला उठवायलासुद्धा लाजेल. चल, नमाज चुकेल."

दुसऱ्या दिवशी एतेक इजुसने किटली उचलली. "गेला असतास तर..."

"दोन चमचे," युनीर म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं आणि साखर घातली. त्याच दिवशी खोबऱ्याचा एक व्यापारी टपरीवर टेकला होता. किनाऱ्याने वर तिकू गावाकडे नारळाची रानं नुसती उभी आहेत म्हणत होता. माकडवाला म्हातारा वारला, पोरं शहरात गेली, नारळ आपोआप पडतात आणि गवतात कोंब फोडून बसतात. युनीरने विचारलं, "तिथे मशिदीत निजायला जागा असते का?"

"परमुलखात चाललास काय, सीदी?" गडी खिंकाळले. "तिकूला? इथून शिट्टी मारली तर तिकूला ऐकू जाते!"

दुपारी त्याने बोचकं मोटरसायकलला बांधलं, पंडेकाला मागच्या टोपलीत बसवलं. येल्नी दारात आली. ती 'जा' म्हणाली नाही, 'राहा'ही म्हणाली नाही. त्याचा हात तेवढा कपाळाला लावला.

वाटेत बहिणीचं घर होतं. उनी दार्नीस ओट्यावर मिरच्या निवडत होती. "आलास? एकटाच?"

"एकटा कसला, पंडेका आहे."

"अरे, आम्ही येणारच होतो रे! म्हटलं, येल्नी निरोप धाडेल. उगाच घाईने गेलो तर म्हणतील, मातीही वाळली नाही आणि आले भाऊ ओढायला."

"येल्नीला वाटत होतं, तुम्हीच याल."

उनीने मिरचीच्या हातानेच कपाळ धरलं. "आणि तू इतके दिवस कुठे होतास?"

"बाकावर."

ती हसायला लागली, ठसका लागेपर्यंत हसली, मग डोळे झोंबले म्हणून रडली. उठून आतली गादी सरकवायला लागली तसा युनीर म्हणाला, "बस गं. मी तिकूला चाललोय."

"कुणी बोलावलंय?"

"कुणी नाही."

"मग पोचवायला भाच्याला तरी देते."

"कुणालाही पाठवू नकोस, उनी." आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. तिने पाण्याची बाटली भरून दिली.

तिकूला पोचेपर्यंत त्याची पाठ धरली होती. दोनदा वाटलं, परत वळावं. समुद्राचा वारा तोंडावर येत होता, म्हणून डोळ्यांतलं पाणी कशाचं हे ठरवायची गरज पडली नाही. मशिदीच्या पडवीत एक म्हातारा पायाला तेल चोळत बसला होता. त्याने माणूस बघितला, माकड बघितलं, बोचकं बघितलं.

"किती दिवस राहणार?"

हा प्रश्न युनीरला कधी कुणी विचारलाच नव्हता. तो पायरीवर बसला, गुडघे दाबले. समोर माडच माड होते, उंच, त्याच्या गावातल्यांपेक्षा पुष्कळ उंच.

"आवडलं तर राहीन," तो म्हणाला. "नाही तर पुढे जाईन. विहीर कुठंय? माकडाला पाणी पाजायचंय."