कानातली मोजणी

बँडमधले सगळे तिला वायरताई म्हणत. तिचं काम प्रेक्षकांना कधी दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. मंचावर एवढा गदारोळ असतो की वाजवणाऱ्याला स्वतःचंच वाद्य धड ऐकू येत नाही. म्हणून पाचही जणांच्या कानात बोंडाएवढी यंत्रं असत आणि कमरेला एकेक डबी. त्या यंत्रातून स्वतःचं वाद्य ऐकू यायचं, एक टिकटिक ऐकू यायची आणि टिकटिकीवर मोजणारा एक आवाज. साध्यासुध्या गाण्यांना मोजणारं कुणी लागत नाही. यांची गाणी वीस-वीस मिनिटांची, आणि ताल असा की चार म्हणता म्हणता सात व्हायचे, सातातून पाच निघायचे. एकदा वाट चुकली की परत सापडणं मुश्कील. तो मोजणारा आवाज वायरताईचा होता. सपाट, कोरडा. ड्रमवाला म्हणायचा, मी बायकोपेक्षा हिचं जास्त ऐकतो. आणि हे तो बायकोसमोरही म्हणायचा.

तिसऱ्या अल्बमच्या तालमी सुरू झाल्या तेव्हाची गोष्ट. तालमीची जागा म्हणजे एक जुनं गोदाम, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. गायक म्हणाला, ताई, या वेळी अकरापर्यंत मोजायचं, मग परत एक. एकटा गायकच तिला वायरताई न म्हणता नुसतं ताई म्हणायचा, कारण एके काळी तो तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न करणार होता आणि घरात येऊन हक्कानं चहा मागायचा. तिनं मायक्रोफोन पुढे ओढला आणि मोजायला लागली. तिसऱ्या आवर्तनाला तिच्या लक्षात आलं की आपले पाय हलताहेत. खुर्चीत बसल्या बसल्या, एकेका आकड्याला एकेक पाऊल. डोक्याला कळायच्या आधी पायांना कळलं होतं.

अकरा म्हणजे धाकटीच्या खाटेपासून वॉर्डच्या दारापर्यंतची पावलं. तीन वर्षांपूर्वी धाकटी पाच महिने मनोरुग्णालयातल्या त्या वॉर्डात होती. दर गुरुवारी भेटीच्या वेळेत दोघी बहिणी हातात हात घालून ती अकरा पावलं चालत, दारापाशी वळत, परत येत. बारावं पाऊल टाकलं की परिचारिका टेबलामागून हाक मारायची. धाकटी हे सगळं एका वहीत लिहायची. खिडक्यांच्या दुधी रंगवलेल्या काचा, ट्यूबलाइटवर आपटणारा पतंग, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं झोपेतलं हसू. गायक एकदाही भेटायला आला नव्हता. गाण्यांच्या गडबडीत आहे, म्हणायचा. शेवटी ताईनंच ती वही धाकटीच्या उशीखालून काढून त्याला नेऊन दिली होती. वाच, म्हणाली होती, म्हणजे तरी तुझं पाऊल तिकडे वळेल.

पाऊल वळलं नाही. वही घर बदलताना हरवली, असं त्यानं नंतर सांगितलं. आणि आता गाद्यांच्या भिंतींमध्ये तो डोळे मिटून दुधी काचांबद्दल गात होता.

बोलून दाखवणार काय होती? वही नव्हती. बहिणीच्या बाजूनं एकच कागद होता, इस्पितळाचा, आणि तो दाखवला की लोक बहिणीचं नाही, गायकाचंच खरं मानणार. तिनं उरलेली मोजणी पूर्ण केली, वायरी गुंडाळल्या आणि घरी जाऊन भांडी घासली.

अल्बम आला आणि गहजब झाला. मुखपृष्ठावर डोकं भादरलेली बाई होती, मिटलेल्या पापण्यांवर टाचणीनं खोचलेला पतंग. डॉक्टरांच्या एका संघटनेनं ते मागे घ्या म्हणून पत्र काढलं, पालक दुकानांसमोर फलक घेऊन उभे राहिले. दुकानदारांनी मुखपृष्ठावर खाकी कागद चिकटवला, तर पोरं तो कागद फाडण्याची मजा घ्यायला म्हणून अल्बम विकत घेऊ लागली. गायकाला टीव्हीवर बोलावलं. तो हळू आवाजात म्हणाला की अशा एका वॉर्डात मी स्वतः तीन महिने काढलेत. ज्यांना कुणी बोलू दिलं नाही त्यांच्या वतीनं मी बोलतोय. मुलाखत घेणारीचे डोळे भरून आले. विरोध करणारे दोन दिवसांत गप्प झाले. अकराचा ताल का, असं एकानं विचारलं तर म्हणाला, अकरा रात्री झोपलो नव्हतो. पुढच्या मुलाखतीत अकरा म्हणजे सूर्याभोवतालची काही वर्तुळं झाली. बँडमधल्या बाकीच्या चौघांनी त्याला त्या आजाराबद्दल कधी खोदून विचारलं नाही. उलट त्याला जपायला लागले.

वायरताई नोकरी सोडेल असं कुणालाही वाटलं असतं. तिनं सोडली नाही. दीड वर्ष ती रोज त्याच्या कानात अकरापर्यंत मोजत राहिली. प्रयोग संपला की त्याची कानातली यंत्रं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, लाल फीत लावलेल्या डबीत ठेवायची, आणि मनात एकच गोष्ट घोळवायची. याचा सगळा डोलारा माझ्या मोजणीवर उभा आहे.

मोठ्या मैदानावरचा प्रयोग ठरला तेव्हा तिनं धाकटीला सगळं सांगितलं. धाकटी आता एका ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. ती हातातल्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होती. ताईचा बेत असा होता की गाण्याच्या मधोमध, जिथे चौघं थांबतात आणि गायक एकटा उभा असतो, तिथे मोजणी तोडायची. पंधरा हजार लोकांसमोर तो तोंडावर आपटेल.

धाकटीनं कुंचला खाली ठेवला. "वही तूच दिलीस ना त्याला?"

ताईनं होकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं हा प्रश्न घरात एखाद्या कपाटासारखा उभा होता आणि दोघी त्याला वळसा घालून चालत होत्या.

"मग माझ्या वतीनं परत तूच काही करायचं नाही. मोजायचंय ना, मी मोजते. मी काय बोलले ते तू ऐकायचं नाहीस. न ऐकता जोडायचं. जमेल?"

कपड्यांच्या कपाटात आवाज घुमत नाही, म्हणून धाकटी मायक्रोफोन घेऊन कपाटात बसली. साड्या आणि जुने कोट यांच्या मध्ये, दार आतून ओढून. ताई स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली. नंतर संगणकाच्या पडद्यावर तिला त्या आवाजाच्या फक्त रेघा दिसल्या. अकरा एकसारखी टेकाडं, मग एक लांबलचक डोंगररांग. तिनं आवाज बंद ठेवून ती रांग ठरल्या जागी बसवली. बोट दोनदा आवाजाच्या बटणावर गेलं. दोन्हीदा मागे घेतलं.

प्रयोगाच्या दिवशी, उन्हं कलायच्या सुमारास, तिनं नेहमीसारखी कानांची तपासणी केली. प्रत्येकाच्या कानात त्याचं टोपणनाव घ्यायचं आणि त्यानं हात वर करायचा. पाच हात वर झाले. आत काय जोडलंय ते कुणी विचारलं नाही. वायरताईनं तपासलंय म्हटल्यावर कोण विचारणार? गायकानं जाता जाता तिचा खांदा थोपटला. म्हणाला, ताई, आज सांभाळून घे.

ती मंचाच्या कडेला आपल्या टेबलाशी बसली होती, कानात तिचंही यंत्र. नऊ मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग ड्रम थांबले, गिटारी थांबल्या. गायक पांढऱ्या प्रकाशात एकटा उरला. आणि पाचही जणांच्या कानांत, आणि सहाव्या तिच्याही, धाकटीचा आवाज आला. एक, दोन, तीन. घाई नाही, थरथर नाही. अकरानंतर एक आला नाही.

"ही अकरा पावलं माझी आहेत," आवाज म्हणाला. "खाटेपासून दारापर्यंत. मी ती वहीत लिहिली होती. ताईनं ती वही मला न विचारता तुला दिली. तू मला न विचारता गायलास. दोघांनाही मी मोकळं सोडलेलं नाही. तू एकदाही आला नाहीस, त्यामुळे बारावं पाऊल टाकलं की काय होतं ते तुला माहीत नाही. टाक आता. मी मोजणार नाही."

मग काहीच नाही. टिकटिकसुद्धा नाही.

ताईच्या हाताला टेबलाची कड रुतत होती. आपलंही नाव त्यात असेल हे तिला कळायला हवं होतं. पण तिची नजर गायकाच्या चेहऱ्यावरून हलली नाही. त्याचा जबडा उघडा राहिला होता. मैदानावर शांतता पसरली, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. या संगीताच्या चाहत्यांना शांततेतही कला दिसते. कुणीतरी शिट्टी मारली. गायकानं एका कानातलं यंत्र उपसून काढलं आणि ड्रमवाल्याला खूण केली, सुरू कर.

ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. त्याच्याजवळ एक छोटा मायक्रोफोन असायचा, त्यात बोललेलं फक्त त्यांच्या कानांत जायचं. तो वाकला आणि त्यानं विचारलं, "कोणाची वही?"

गायकाच्या हातातला मायक्रोफोन मात्र सबंध मैदानासाठी होता. इतक्या वर्षांत अशी चूक त्याच्याकडून झाली नव्हती. कानातल्या प्रश्नाला त्यानं तोंडासमोरच्या मायक्रोफोनमध्ये उत्तर दिलं.

"अरे ती वेडी होती. तिला काय कळतंय. मी गायलो म्हणून काहीतरी झालं, नाहीतर रद्दीतच गेली असती ती वही."

मैदानाच्या टोकावरच्या कर्ण्यांमधून ते शब्द थोडे उशिरा परत आले. रद्दीतच गेली असती. टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या रांगांपासून मागे विरत गेल्या, कारण पुढच्यांना आधी समजलं. पहिल्या रांगेत एक मुलगी होती, तिच्या शर्टावर तो पतंग आणि खाली गायकाचं वाक्य छापलेलं, ज्यांना कुणी बोलू दिलं नाही त्यांच्या वतीनं. तिनं शर्टाकडे पाहिलं आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. गायकानं मायक्रोफोनकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग कडेला, ताईकडे. मायक्रोफोनचा आवाज बंद कर, असं त्याचे डोळे विनवत होते. तेवढं करणं तिच्या हातात नव्हतं; आणि असतं तरी तिनं केलं नसतं. ड्रमवाला उठून आत गेला. त्याच्यामागून बाकीचे तिघं.

वायरताईला त्याच्याबद्दल वाईट वाटलं नाही. वाटेल अशी थोडी भीती होती, म्हणून तिनं स्वतःला नीट चाचपून बघितलं. नाही वाटलं. तिनं वायरी गुंडाळल्या, सगळ्यांची यंत्रं पुसली. लाल फितीची तेवढी तशीच, न पुसता डबीत टाकली.

घरी आली तेव्हा धाकटी जेवायची थांबली होती. बातमी फोनवर येऊन गेलेलीच होती. तिनं एवढंच विचारलं,

"सगळं ऐकलंस?"

"ऐकलं."

"तुझ्याबद्दल बोलले तेही?"

"तेही."

धाकटीनं ताटं घेतली. जेवणं झाल्यावर ती झोपायला गेली आणि ताई टेबल आवरायला लागली. टेबलाच्या कोपऱ्यात एक नवी वही होती, तिच्या कडेतून पेनचं टोपण डोकावत होतं. ताईनं ओलं फडकं घेतलं, सगळं टेबल पुसलं. वही उचलली नाही. फडकं तिच्या चारी बाजूंनी फिरवलं, आणि खालची जागा तशीच राहू दिली.