राणीच्या रांगेसाठी घेतलेलं स्टूल

कार्डिफहून आत्याच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी हाउन्सलोजवळच्या गोदामात शिफ्टवर होतो. आत्या सकाळी खुर्चीतच गेली, समोर अर्धा चहा. मी लगेच निघतो म्हणालो, तर त्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या की इथे फ्युनरलचा स्लॉट मिळायला दोन-तीन आठवडे लागतातच, तेव्हा घाई नाही... आत्याच्या वाट्याला हे शब्द आयुष्यात कधी आले नव्हते. आले तेही ती गेल्यावर, आणि मला ऐकू आले.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. साठच्या दशकात नर्स म्हणून इथे विलायतेत आली आणि एकाच हॉस्पिटलात निवृत्त झाली. इथली राणी एकदा त्यांचा नवा वॉर्ड पाहायला आली होती. त्या भेटीच्या फोटोत कडेला एक कोपर दिसतं, ते आत्याचं. फोटो दिवाणखान्यात होता आणि आलेल्या प्रत्येकाला ते कोपर दाखवलं जाई. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तिची जन्मतारीख एक जून लावून टाकली होती, खरी होती मार्गशीर्षातली. "राणीलाही दोन वाढदिवस आहेत म्हटलं. तिला दुसरा सरकारने दिला, मला गुरुजींनी," असं ती सांगायची. राणीच्या मुलांचे संसार मोडले तेव्हा माहेरची बातमी ऐकावी तशी ती गप्प झाली. मी चिडवायचो, तुझ्या राणीने आपल्याला काय दिलं, लुटून नेलं ते मोज. ती म्हणायची, "ते खरंच आहे. पण बाईला रिटायरमेंट नाही रे. गुडघे धरले तरी ड्यूटी." नवऱ्याच्या अंत्यविधीला राणी मास्क लावून एकटी बसलेली टीव्हीवर दिसली, तेव्हा आत्याने आवाज बंद केला आणि चित्र तेवढं पाहत राहिली.

आता जे लिहितोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

माझे वडील पुण्यात गेले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. मे महिना. आत्याचा फोन आला. त्याआधी तिचे आई-वडील गेले होते आणि दोन्ही वेळा ती पोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. ती म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत येते. तेवढं थांबवशील?" घरात मोठी माणसं म्हणत होती, उन्हाळा आहे, शिवाय अंगण फार वेळ अडवून ठेवू नये. देह ठेवायला बर्फ मिळत होता. कोपऱ्यावर मिळत होता, मी चौकशीही केली नाही. फोनवर मात्र म्हणालो, थांबतो आत्या. आणि त्याच संध्याकाळी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी ती रिक्षातून उतरली तेव्हा अंगण धुऊन वाळलंही होतं. तिने बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "किती वाजता?" मी म्हणालो, सहा. तिने बॅग उचलून आत नेली. पुढे मला इथे बोलावून घेतलं, वर्षभर घरात ठेवलं, नोकरीला लावलं, तरी तो विषय तिने काढला नाही.

राणी गेली त्या सप्टेंबरात आत्या ब्याऐंशीची होती. पार्लमेंटच्या हॉलमध्ये दर्शनाला ठेवणार हे कळल्यावर तिने मला फोन केला. रांगेसाठी घडीचं स्टूल विकत आणलंय, थर्मास धुऊन ठेवलाय, तू फक्त पॅडिंग्टन स्टेशनवर घ्यायला ये. मी हसून म्हणालो, अगं, ती आपली कोण?

"कुणी नाही," ती म्हणाली. "पण या देशात माणसासाठी थांबतात रे. एकदा तरी मला वेळेवर पोचू दे."

मी सांगितलं, ऐंशीच्या वरच्यांना रांगेत घेत नाहीत.

खोटं होतं. वृद्धांसाठी वेगळी रांग होती, वेळ ठरवून देत होते, मी मोबाइलवर ते वाचत वाचतच तिच्याशी बोलत होतो. साम्राज्याचा राग वगैरे कारण असतं तर निदान मान वर करून लिहिलं असतं. शिफ्ट बदलून घ्यायचा कंटाळा आला होता. आणि टीव्हीवर दिसलो तर इथल्या मराठी मंडळातले लोक वर्षभर चिडवतील, ही भीती. बस्स, एवढंच.

दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन. "टीव्हीवर एक बाई दिसली, व्हीलचेअरवर. माझ्याहून म्हातारी." मग तीच म्हणाली, "ओळख असेल तिची कुणाशी तरी." मला सुटायला दार तिनेच उघडून दिलं, आणि मी निमूट त्यातून बाहेर पडलो.

आत्याला फ्युनरलवाल्यांच्या शवागारात एकोणीस दिवस ठेवलं होतं. कार्डिफला ट्रेनने दोन तास लागतात. पहिले अठरा दिवस मी गेलो नाही... रोज काहीतरी निघायचं. शेवटच्या दिवशी गेलो, आधी तिच्या घरी, नेसवायला साडी घ्यायला. कपाटात साड्यांच्या मागे ते स्टूल होतं, दुकानाचं लेबल तसंच. ते घेऊन फ्युनरलवाल्यांकडे गेलो. साडी नेसवून झाल्यावर त्यांच्या माणसाने दार लोटून घेताना सांगितलं, हवा तेवढा वेळ बसा. मी स्टूल उघडलं आणि तिच्याजवळ बसून दोन्ही गोष्टी सांगितल्या, बर्फाची आणि रांगेची. सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत. साडीच्या पदराखालून तिचं कोपर तेवढं दिसत होतं.

स्टूल आता हाउन्सलोला माझ्या दारामागे आहे. लेबल काढलेलं नाही. रांगेत आत्याला बसता यावं म्हणून घेतलेल्या त्या स्टुलावर आजवर एकच माणूस बसला आहे, आणि तो मी आहे.