चिमटेबाईंचा शेवटचा रिपोर्ट

कपडे वाळत घालायचे चिमटे पर्सच्या पट्ट्याला अडकवून कॉलेजात येणाऱ्या प्राध्यापिका मी आयुष्यात एकच पाहिल्या. सदाशिव पेठेतून स्कूटरवर यायच्या. आम्ही पाठीमागे त्यांना चिमटेबाई म्हणायचो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच तासाला बाईंनी स्वयंपाकाची वही काढली आणि चकलीच्या पानांना चिमटा लावला. "चकली गेली कुठे? कुठेही नाही. पान उघडत नाही, इतकंच. डीएनएवर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक तुकडा बसला की हेच होतं. अक्षर एकही बदलत नाही, पण जनुक गप्प बसतं." त्यानंतर मिथायलेशन मला कुणी शिकवावं लागलं नाही.

कौतुकाच्या बाबतीत मात्र बाई पक्क्या पुणेकर. मी नाचत प्रयोगाचा निकाल घेऊन गेले की चष्म्यावरून बघायच्या. "छान. कंट्रोल दाखव." कंट्रोल म्हणजे एकही चिमटा नसलेला डीएनए, नमुन्याबरोबरच तपासायचा. चिमटे शोधायला वापरतात त्या रसायनाचं काम अर्धवट झालं तर त्यावरही चिमटे दिसतात, आणि मग सगळाच निकाल खोटा. माझे तीन महिने एकदा असे पाण्यात गेले. मी रडले. बाई म्हणाल्या, "रड हो, पण चहा गार करू नकोस."

गेल्या वर्षी बाईंच्या मेंदूत गाठ निघाली. नमुना आला तो मी नोकरी करते त्या हडपसरच्या लॅबमध्येच. औषधाने गाठीची केलेली मोडतोड दुरुस्त करणारं एक जनुक असतं; त्यावर चिमटा असेल, तर ते गप्प बसतं आणि औषध जास्त लागू पडतं. चिमटा दिसला! मी तडक बाईंचं घर गाठलं.

डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "छान. कंट्रोल दाखव."

मी तो पाहिलाच नव्हता. मला हाच निकाल हवा होता, म्हणून पाहिला नव्हता. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

कंट्रोल नापास होता. तपासणी पुन्हा केली. या वेळी कंट्रोल स्वच्छ निघाला, आणि बाईंच्या जनुकावर चिमटा नव्हता. सांगायला गेले तेव्हा जिन्यातच कितीतरी वेळ उभी राहिले.

बाईंनी रिपोर्ट आणि कंट्रोल, दोन्ही कागद शांतपणे वाचले. "आता बरोबर आहे. नापास कंट्रोलवर जगवणार होतीस होय मला?" मग पर्सचा एक चिमटा काढला, कंट्रोलचा कागद रिपोर्टच्या वर ठेवला आणि दोन्हींना लावला. "हा वर ठेवत जा. विशेषतः माणूस आपलं असेल तेव्हा."

चार महिन्यांनी बाई गेल्या. तो चिमटा माझ्या टेबलावर असतो. कुणाचाही रिपोर्ट असो, सही करण्याआधी मी वरचा कागद वाचते.