मोबाईलवर पोत बघणारा

दर मंगळवारी खडेबाजारातलं दुकान बायकोवर सोपवून मी निपाणीच्या दुकानदारांना माल दाखवायला जायचो, तेव्हा बसमध्ये तो हमखास शेजारी येऊन बसायचा. त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारावं असा तो नव्हताच. मोबाईलवर कापडाच्या लॉटांचा लिलाव लावायचा आणि बटण दाबता दाबता बोली अशी ओरडायचा, जसा काही सुरतेपर्यंत आवाज पोचवायचा होता.

त्याहून कहर म्हणजे, कापडाचा फोटो आला की दुकानात पोत बघतात तशी काचेवर दोन बोटं घासायचा. त्यानं फोटो मोठा व्हायचा, धागे सुतळीएवढे दिसायचे आणि हा गंभीरपणे मान हलवायचा.

एका मंगळवारी असाच मला म्हणाला, "लई जाड हाय, अण्णा. ट्रान्सपोर्टवाला किलोवर भाडं घेतोय. परवडायचं न्हाय."

फोटोखाली स्पष्ट 'मलमल' लिहिलं होतं. वीस वर्षं कापड विकणारा मी या अडाण्याला काय समजावणार? मी माझा मोबाईल काढून खिडकीकडे वळवला, भाडं मलमलीच्या वजनानं धरलं आणि तोच लॉट गुपचूप घेतला.

आठवड्यात गठ्ठे आले. एकट्या हमालाला एक गठ्ठा उचलेना. आत घोंगडीसारखं जाडंभरडं कापड, आणि भाडं मालापेक्षा जास्त.

पुढच्या मंगळवारी मी बसमध्ये चढलो, तर त्यानं माझी जागा धरून ठेवली होती.

"या अण्णा," तो लांबूनच ओरडला, "मलमल पोचली काय?"

मी खाली उतरलो आणि पुढच्या बसची वाट बघत उभा राहिलो.