सहावी सीट

इटलीला आम्ही अकरा जण गेलो होतो. दुसऱ्या महायुद्धात तिकडे पडलेल्या आपल्या जवानांच्या थडग्यांना सलामी द्यायची, एवढंच काम. कार्यक्रम शनिवारी झाला. रविवार मोकळा होता.

सकाळी सहाला फॉलइन, सगळे रांगेत. सुभेदार साहेबांनी विचारलं, "थोडी अंग्रेजी किसे आती है? एक कदम आगे!"

पलटणीत बारा वर्षं काढलेला माणूस अशा वेळी जागचा हलत नाही. पुढे गेलात की सामान उचला नाहीतर संडास धुवा, हे ठरलेलं. इंग्रजी मला येत होतं; जळगाव जामोदला बारावी केली होती. तरी मी नजर सरळ ठेवली आणि शेजारच्या भास्करला कोपरानं पुढे ढकललं. भास्कर देऊळघाटचा, भरतीपासूनचा माझा जोडीदार. दहावीला इंग्रजीत कसाबसा पास झालेला.

"शाबाश. आठ बजे गाडी रोम जाएगी. साहब लोगों की पाँच सीट, छठी तेरी." मग माझ्याकडे वळून, "तू रायफलों पे गार्ड."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर मी कुलूपबंद खोलीसमोर बसून होतो. आत्ता हा काय बघत असेल, एवढंच डोक्यात. चिडायला हवं होतं स्वतःवर, चिडलो त्याच्यावर.

संध्याकाळी सातला तो आला. उन्हानं तांबडा झालेला, खूश.

"अबे, काय शहर हाय! आयक त खरं..."

"मले काही सांगू नको."

"काऊन बे?"

"नको म्हटलं ना."

विमानात त्यानं पुन्हा विषय काढला. मी झोपेचं सोंग घेतलं. बराकीत तो दुसऱ्या कोणाला सांगायला लागला की मी मुद्दाम मोठ्यानं बोलायचो. शेवटी त्यानं रोमचं नावच सोडलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

दोन महिन्यांनी आम्ही काश्मीरात होतो. सकाळी सहा चाळीसला मी पोस्टवर रेडिओ सेटपाशी होतो. गस्तीवरून आवाज आला.

"फायर आया है. एक जवान घायल. ओवर."

"कौन है? ओवर."

"भास्कर. ओवर."

सात दहाला तो गेला.

शवपेटीबरोबर देऊळघाटला मीच आलो. दिवसकार्य झाल्यावर त्याच्या आईनं मला जवळ बसवलं.

"बापू, तो फोनवर म्हणे, माय, रोम पाह्यलं, सुट्टीत आलो की समदं सांगतो. तू त संगच होता ना? कसं हाय रे ते?"

"मी नव्हतो गेलो, माय."

"मंग तुले त सांगतलंच असन त्यानं."

"सांगत होता. मीच आयकलं नाही. जळत होतो त्याच्यावर."



"तू आयकलं असतं," ती म्हणाली, "त आज मले सांगतलं असतं."