बुलबुलाच्या पिल्लांची राखण

बोरिवलीला आमचं घर तळमजल्यावर आहे. खिडकीबाहेर सोसायटीची बाग: दोन जास्वंदी, एक शेवगा आणि पलीकडे कंपाउंडची भिंत. मार्चमध्ये तिथे शिक्रा येऊ लागला. राखाडी पाठ, छातीवर विटकरी पट्टे, लाल डोळे, आकाराने कबुतराएवढा. शेवग्यात पानांआड बसायचा आणि चिमण्यांवर झडप घालायचा. बहुतेक झडपा फुकट जात. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झालेला मी जुन्या सवयीने वेळ, भक्ष्य आणि निकाल वहीत लिहू लागलो. बायकोने विचारलं, "छापणार कुठे आहेस?"

सोसायटीत त्याचं स्वागत झालं, कारण कबुतरांनी सगळ्यांना जेरीस आणलं होतं. मालवणकडच्या वॉचमनने विचारलं, "कबुतरां खाता काय तो?" खात असावा, असं मी म्हणालो. "मगे ऱ्हवांदे." सेक्रेटरींनी शेवग्याची छाटणी पुढे ढकलली. शिक्र्याने एकाही कबुतराला त्रास दिल्याची नोंद नाही.

एप्रिलमध्ये बुलबुलांनी जास्वंदीत घरटं केलं. दोन पिल्लं निघाली. बँकेत निघण्याआधी बायको रोज स्टुलावर उभी राहून ती बघायची. घरट्याला हात लावायची नाही, मलाही लावू द्यायची नाही. ही पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्यातून उतरतात आणि दोन-तीन दिवस खालीच फिरतात. एका सोमवारी ती उतरली.

"आज तू हलायचं नाहीस," बायको चप्पल घालत म्हणाली. "तो दिसला की टाळ्या वाजव. लगेच. कळलं ना?"

"कळलं."

मी बागेत खुर्ची टाकून बसलो. पावणेदहाला बुलबुल ओरडू लागले. बागेतली खार गप्प झाली. शिक्रा शेवग्यावर आला होता, माझ्यापासून पंधरा फुटांवर. इतक्या जवळून तो मी कधी पाहिला नव्हता. मी घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली आणि टाळ्या वाजवल्या. तोवर तो भिंतीवर होता, पायाखाली एक पिल्लू. ते घेऊन तो उडाला. बुलबुल ओरडत मागे गेले आणि थोड्या वेळाने परत आले.

मी बायकोला फोन केला. "एक गेलं. एक आहे."

तिच्या बँकेत मागे टोकन नंबर पुकारला जात होता.

"टाळ्या वाजवल्यास ना?"

"वाजवल्या."

"कधी?"

प्रश्न नेमका होता. "उशिरा," मी म्हणालो. "आधी वेळ लिहिली."

"दुसरं कुठे आहे?"

"जास्वंदीच्या बुंध्याशी."

"मग फोनवर काय करतोस रे? बस जा तिथे."

पुढचे तीन दिवस मी जेवलोही तिथेच. शिक्रा दोनदा आला, टाळ्यांनी दोनदा गेला. एकदा मी भारद्वाजाला हाकललं. आपल्यालाच बोलावतायत असं समजून वॉचमन तीनदा येऊन गेला. संध्याकाळी घरी आल्यावर बायको आधी जास्वंदीपाशी जाई, मग माझ्याशी बोले. तेही थोडंच.

चौथ्या दिवशी सकाळी ती डबा भरत असताना पिल्लू उडालं. भिंतीवर टेकलं, तिथून शेजारच्या सोसायटीत. मोठे बुलबुल मागोमाग गेले. मी हाक मारली. ती हातातलं झाकण घेऊनच बाहेर आली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली.

"तिकडे कोण बघतं?" तिने विचारलं.

त्यांच्या वॉचमनला भेटून येतो, असं सांगून मी चप्पल घातली.